खानदेशातील लेकींचा महिना

इ. स. १८१८ मध्ये मराठी अंमल संपून खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला, कॅप्टन जॉन ब्रिग्ज या अधिकाऱ्याने पांझरेच्या काठी वसलेल्या धुळ्यास प्रांताचे मुख्य ठाणे केले, आणि तेथपासून या मुलखाचे सरकारी दप्तर जे वाढू लागले ते पुढे कधी थांबले नाही. जमाबंदीचे आकार, पाट-बंधाऱ्यांचे हिशेब, कापसाच्या गाठी, भिल्लांच्या बंडाव्यांचे अहवाल, दुष्काळी कामांवरील मजुरांच्या याद्या, हे सर्व त्या दप्तरात आहे. १८८० साली मुंबई सरकारने प्रसिद्ध केलेल्या गॅझेटियरच्या खानदेश खंडात शेती, व्यापार, इतिहास, महसूल, न्याय, शिक्षण, आरोग्य अशी प्रकरणे शिस्तीने लावलेली आहेत. १९०६ साली जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन विभाग झाले, पूर्वेचे ठाणे जळगावास गेले आणि दप्तरेही दोन झाली. परंतु होळी पेटल्यापासून मृगाचा पहिला पाऊस पडेपर्यंत, शेते उललेली असताना आणि महसुलाचा हप्ता भरून झालेला असताना, या प्रांतातील लेकुरवाळे घर आपले दिवस कसे काढीत होते, या विषयाला त्या दप्तरात प्रकरण नाही.

विषय मात्र क्षुल्लक नव्हे. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात खानदेशी घर शेताच्या हुकमतीखाली असे. पेरणी, निंदणी, कापूस वेचणी, ज्वारीची कापणी या कामांनी घरातील प्रत्येक हाताला जुंपून ठेवलेले असे आणि तान्ह्या मुलाची झोळीसुद्धा बांधावरच्या बाभळीला टांगलेली असे. उन्हाळ्यात शेताची हुकमत संपे आणि घर स्वतःच्या कायद्याने चाले. कोणी कोठे निजावे, कोणत्या प्रहरी चूल पेटवावी, वर्षाची बेगमी कशी करावी, कोणती सून माहेरी जावी आणि कोणती लेक घरी यावी, हे सारे निर्णय त्या तीन महिन्यांत होत आणि बहुतेक सगळे बायकांच्या हातून होत. लहान मुलांना या व्यवस्थेत जे स्थान होते ते शाळेच्या सुटीने दिलेले नव्हते. शाळेची सुटी पुष्कळ उशिरा आली आणि आधीच चालू असलेल्या वहिवाटीवर तिने केवळ आपला शिक्का उमटवला.

उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर यांच्यामध्ये तापीचे खोरे पूर्व-पश्चिम पसरलेले आहे. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटर उंचीवर आहे. समुद्र दूर, जमीन काळी, आणि कापूस-ज्वारी निघून गेल्यावर मैलोगणती उघडी. दिवसभर ही जमीन उष्णता पिते आणि रात्री उशिरापर्यंत ती परत देत राहते. वैशाखात पारा ४५ अंशांपर्यंत चढला तर जळगाव-भुसावळकडील मनुष्य त्याची वार्ता करीत नाही. गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर या नद्यांच्या पात्रांत या दिवसांत पाण्यापेक्षा वाळूच अधिक. त्या वाळूत भोई मंडळी डांगर-टरबुजांचे वेल लावीत आणि दुपारच्या वेळी नदीकडे जाणारी मुले पाण्याच्या ओढीने जात की या मळ्यांच्या, हे त्यांच्या आयांना चांगले ठाऊक असे.

अशा मुलखात घर कसे बांधावे याचे उत्तर जुन्या खानदेशाने धाब्याच्या रूपाने दिले होते. मातीच्या जाड भिंती, लहान झरोके, वर लाकडी सऱ्यांवर किलचणाचा थर, त्यावर चिकण माती आणि सर्वांत वरती पाणी झिरपू न देणारी पांढरी खारी माती, अशा रीतीने सपाट छप्पर सिद्ध होई. माजघरात दुपारी बाराच्या उन्हातही अंधार असे आणि तो अंधार हीच तेथील गारव्याची पहिली अट असे. सकाळी शेणाने सारवलेल्या जमिनीवर दुपारी पाण्याचा हबका मारून, दारावर ओले पोते टाकून आजी मुलांना आडवे करी. तान्ह्याची झोळी तुळईला बांधलेली, तिची दोरी निजल्या जागेवरून ओढणाऱ्या हातात, आणि हात झोपला की झोळी थांबून मूल जागे होई. त्यामुळे या कामासाठी आठ-दहा वर्षांच्या मुलीची नेमणूक होत असे आणि तिच्या दुपारच्या खेळाचा मोठा भाग या दोरीतच जाई. हिशेबात न धरलेल्या बालश्रमांपैकी हा एक.

हेच घर सूर्यास्तानंतर उलटे होई. दिवसा जे तळाशी दडलेले असत ते सगळे निसणीने वर चढत. धाब्यावर संध्याकाळी पाणी शिंपडून माती निवविली जाई. मग गोधड्या, वाकळी, पाण्याची कळशी आणि तान्ह्याचा बिछाना वर जाई. कर्ती पुरुषमाणसे बहुधा अंगणात किंवा ओट्यावर बाजा टाकीत, आणि धाबे बायका-मुलांच्या ताब्यात राही. दाट वस्तीच्या गावठाणात एका घराचे धाबे शेजारच्या धाब्याला लागून असल्यामुळे, दिवसा ज्या दोन घरांत बांधाच्या वादावरून बोलणे बंद असे त्यांचीही मुले रात्री एकाच गप्पांच्या टप्प्यात येत. चैत्र-वैशाखातील रात्री उत्तरेच्या आकाशात सप्तर्षी उंच आलेले असतात. त्यांत म्हातारीची बाज आणि ती चोरू पाहणारे तीन चोर दाखवून आजी कथा सुरू करी, आणि चोरांना बाज का नेता येत नाही याचे कारण दररोज नवे असे. मध्यरात्रीनंतर वारा थंड होऊन पहाटे गोधडी ओढून घ्यावी लागे. खानदेशी मुलाला दिवसाचा उन्हाळा आणि रात्रीचा उन्हाळा हे दोन वेगळे ऋतू म्हणून माहीत होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

दिवसाची विभागणीही उन्हाच्या मर्जीने होई. पहाटे घरोटावर दळण, उजाडताना पाणवठ्याच्या खेपा, आठ-नऊच्या आत चूल आटोपलेली. इंधन कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचे. त्या भरकन पेटतात आणि भरकन विझतात, म्हणून चुलीपुढून उठण्याची सोय नसे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवीमुळे कापसाला जो भाव आला त्याने खानदेशातील कपाशीखालील जमीन वाढविली, आणि त्या जागतिक घडामोडीचा एक परिणाम असा की येथील सुनांना उन्हाळ्यात जळणासाठी फार लांब जावे लागले नाही. दुपारच्या जेवणात ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी, कांदा, ताक, एखादी डाळ. मुलांना आंबील आणि कैरीचे पन्हे. पाण्याच्या माठात वाळ्याची जुडी असे. त्याच वाळ्याच्या ताट्या साहेबाच्या बंगल्याच्या दारांना लावून, त्यांवर पाणी मारण्यास आणि पंखा ओढण्यास माणसे ठेवलेली असत. रयतेच्या घरात तेवढाच सुगंध तांब्याभर पाण्यापुरता येई.

लहान मुलांच्या जिवाची काळजी हा या दिवसांतील खरा भार असे. बाहेर जाणाऱ्या मुलाच्या खिशात कांदा, डोक्याला उपरण्याची गुंडाळी, ऊन लागले की कांदा फोडून हुंगविणे, धने-जिऱ्याचे पाणी, रात्री तळपायांना तूप लावून काशाच्या वाटीने चोळणे, असे उपाय घरोघर होते. त्यांतील काहींचा गुण शास्त्राने मान्य केला आहे आणि काहींचा केला नाही. पण आई आणि मूल यांना अर्धा तास एकत्र बसविणारा काशाच्या वाटीचा उपाय कोणत्याही शास्त्राच्या परवानगीवाचून टिकला. ज्या संकटांपुढे हे उपाय हतबल होत ती संकटेही उन्हाळ्याचीच. देवीची साथ भारतात बहुधा वसंत आणि ग्रीष्म या ऋतूंत बळावे. पाणवठे आटून गढूळ झाले की पटकी येई. देवीच्या तापातील मुलाला अंधाऱ्या खोलीत निंबाच्या डहाळ्यांत निजवीत आणि मरीआईला नवस बोलत. सरकारी देवी काढणारा गावात आला की आया मुलांना धान्याच्या कणगीमागे लपवीत आणि पुढे त्यांच्याच लेकी-सुना त्याची वाट पाहत, असा हा विश्वासाचा प्रवास दोन पिढ्यांत पुरा झाला. १९७५ नंतर या देशात देवीचा रोगी आढळला नाही. उन्हाळ्याच्या जुन्या सुखांचे वर्णन करणाऱ्याने पाळणे किती रिकामे होत याचे स्मरण ठेवूनच ते करावे.

होळीनंतर ऊन कडक झाले की वाळवणाचे काम उभे राही. ज्वारी भिजवून, आंबवून, दळून, तिखट-मीठ-लसूण-तीळ घालून शिजविलेला घाटा ओल्या फडक्यावर पातळ थापून बिबड्या होत. गहू तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून काढलेल्या चिकापासून कुरडया होत. उडदाच्या पिठाचा पापडखार घालून मळलेला गोळा मुसळाने कुटून मऊ करावा लागे. शेवया, सांडगे, नागलीचे पापड, वर्षाचे तिखट, वर्षाची हळद, धान्याला राख आणि निंबाचा पाला लावून कणगी भरणे, ही यादी वैशाख संपेपर्यंत संपत नसे. एका घरच्या हातांना हे झेपणारे नव्हते. म्हणून शेतीत चालणारी सावड येथेही चाले: आज हिच्याकडे पापड, उद्या तिच्याकडे, आणि येणारीने आपले पोळपाट-लाटणे बरोबर आणावे असा रिवाज. या सावडीची नोंदवही नसे, तरी कोणी कोणाकडे किती पापड लाटले याचा हिशेब गावातील कोणत्याही सावकाराच्या खात्याइतकाच अचूक असे.

वाळवणात मुलांना हुद्दा होता. बाजेवर अंथरलेल्या लुगड्यावर बिबड्या वाळत असताना, हाती काठी घेऊन कावळे, चिमण्या आणि शेजारची शेळी यांच्यावर नजर ठेवणे हे काम चार वर्षांपासून आठ वर्षांपर्यंतच्या मंडळीकडे असे. त्याचा मोबदला रोख आणि तत्काळ मिळे: पापडाची लाटी तेलात बुडवून, पातेल्याच्या तळाचा गरम चीक दूध-गूळ घालून, अर्धवट वाळलेली बिबडी शेंगदाण्यांबरोबर. राखणदार स्वतःच मालाचा मोठा ग्राहक असणे हा कारभाराच्या दृष्टीने दोष खरा, पण घरातील थोरल्या बाईने तेवढी तूट सुरुवातीलाच हिशेबात धरलेली असे. मोठ्या मुलींना सोऱ्या दाबण्याचे आणि उलथण्याचे काम मिळे, आणि ते मिळणे म्हणजे आपण आता लहानांत जमा नाही असा दाखला होता. कोणत्याही शाळेतल्यापेक्षा अधिक बारकाईने येथे त्या शिकत: चीक किती आटला म्हणजे कुरडई तुटत नाही, ऊन कोणत्या बाजूने सरकते, आणि चार बायका एकत्र बसल्या असता कोणती गोष्ट ऐकून न ऐकल्यासारखी करावी.

आता या ऋतूच्या मध्यभागी येऊ. अक्षय्य तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात, आणि दिवाळीहून तिचा मान कमी नाही. कृषिवर्षाचा हिशेब येथे वैशाख शुद्ध तृतीयेस मिटे. शेतकऱ्याकडे वर्षाच्या बोलीने राहिलेल्या सालदाराचे साल या दिवशी पुरे होई. उचल, धान्य, कपडा, पायातल्या वहाणा यांचा जमाखर्च मांडला जाई, आणि पुढचे साल त्याच घरी की दुसरीकडे हे ठरे. त्याच दिवशी पितरांच्या नावाने घागर भरली जाई: पाण्याने भरलेली मातीची लाल घागर, वर डांगर, सांजोरी आणि आंबे. पितरांना आंबा दिल्यावाचून घरात कोणी आंबा खाऊ नये असा दंडक पुष्कळ घरांत होता. अढीतील आंब्यांचा वास दहा दिवस घरभर असताना हा दंडक पाळणे ही मुलांच्या चारित्र्याची वार्षिक परीक्षाच होती. मग खापरावर भाजलेले पुरणाचे मांडे, आमरस, शेवया, कुरडया. पुरुष मंडळी निंबाच्या सावलीत पत्ते कुटीत बसत, आणि त्या दिवशीच्या जुगाराकडे फौजदारही फार कठोर दृष्टीने पाहत नसे, असे जुनी माणसे सांगतात.

पण आखाजीचा प्राण लेकींच्या येण्यात होता. चैत्र सरता सरता मुऱ्हाळी निघत. भाऊ किंवा चुलतभाऊ बैलगाडी जुंपून, ऊन टाळण्यासाठी रात्रीच्या चांदण्यात प्रवास करीत, बहिणीच्या गावी जाई आणि तिला मुलांसह घेऊन परते. गौराई बसविलेली असे, टोपलीत पेरलेल्या धान्याला कोंब आलेले असत, आणि गावातील प्रत्येक मोठ्या निंबाला झोके बांधलेले असत. त्या झोक्यांवर कुमारिका बसत तशाच दोन-तीन लेकरांच्या आयाही बसत आणि अहिराणीतील गाणी म्हणत. या गाण्यांत भावाचे कौतुक, सासूची नक्कल, दिराचा उपहास, सासरच्या गावचा रस्ता आणि त्या रस्त्यावरील प्रत्येक झाड, असे सर्व असे. जळगावजवळच्या आसोद्यास १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांनी अक्षरओळख नसताना घरोटावर आणि शेतात रचलेल्या काव्यात आखाजीवरही एक गाणे आहे. १९५१ मध्ये त्या वारल्या. त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी जपलेली ती गाणी आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने १९५२ साली ग्रंथरूपाने निघाली, आणि खानदेशाबाहेरच्या महाराष्ट्राला या सणाची पहिली ओळख बहुधा तेथेच झाली.

या प्रथेची अंतर्रचना नीट पाहण्यासारखी आहे. एकाच पंधरवड्यात प्रांतातील बहुतेक घरांतून सुना बाहेर पडत आणि बहुतेक घरांत लेकी येत. जी बाई काल एका गावी पदर डोक्यावर घेऊन, सासऱ्याची चाहूल लागताच आत जात होती, ती आज दुसऱ्या गावी मोकळ्या डोक्याने झोक्यावर उभी असे. तिच्या सासरच्या घरात त्याच घटकेला तिची नणंद तशीच उभी असे. प्रत्येक घरातील मुले निघून जात आणि दुसऱ्या आडनावाची मुले येत. आजीच्या पंगतीला नातवंडांच्या जागी नातवंडेच बसत, पण मुलाची नसून मुलीची. या अदलाबदलीत कोणाचे घर ओस पडत नसे आणि कोणाच्या घरचा रस कमी खपत नसे. सबंध प्रांताने वर्षातून एकदा, कोणत्याही सरकारी हुकमाशिवाय, आपल्या तरुण स्त्रियांचा दर्जा दोन आठवड्यांपुरता बदलून द्यावा, ही समाजरचनेतील मोठी युक्ती होती.

लहान मुलाच्या दृष्टीने तर तिचा परिणाम विलक्षण होई. इतर वेळी आई म्हणजे त्याला सर्वांत आधी उठणारी, सर्वांत शेवटी जेवणारी आणि कोणाच्या तरी हाकेला 'आले' म्हणणारी बाई म्हणून दिसे. आजोळी तीच बाई उशिरा उठते, तिला कोणीतरी नावाने, आणि तेही लाडाच्या नावाने, हाक मारते, तिची आई तिच्या केसांना तेल लावते, ती भावाशी भांडते आणि भांडणात जिंकते, हे पाहून मूल प्रथम चकित होई आणि मग थोडे अस्वस्थही होई. कारण ज्या व्यक्तीवर आपला संपूर्ण हक्क आहे असे त्याला वाटत असे तिच्यावर आपल्या आधीचा हक्क सांगणारी माणसे आहेत, हे त्याला तेथे कळे. आपली आई कोणाचे तरी मूल आहे हे ज्ञान पुस्तकातून देता येत नाही. खानदेशातील मुलांना ते दर वैशाखात मिळत होते, आणि आमरस व झोका यांच्यापेक्षा उन्हाळ्याची हीच मिळकत मला मोठी वाटते.

अर्थात ही व्यवस्था सर्वांना सारखी पावत नव्हती. ज्या घरी सासू थकलेली, तेथील थोरल्या सुनेला नणंदांच्या सरबराईसाठी राहावे लागे आणि तिची मुले आजोळाऐवजी चुलीभोवतीच फिरत. माहेर गरीब असले तर मुऱ्हाळी येत नसे, आणि रस्त्याकडे डोळे लावून बसलेल्या सुनेचे दुःख गाण्यांतच नव्हे तर गावच्या विहिरींच्या इतिहासातही नोंदलेले आहे. सालदाराच्या घरी आखाजी म्हणजे दोन सालांमधला श्वास. त्याचा दहा वर्षांचा मुलगा धन्याच्या गुरांमागे जाई आणि गुरांना उन्हाळ्याची सुटी नसे. १८९९-१९०० च्या दुष्काळात, ज्याला लोक छप्पन्नचा दुष्काळ म्हणून स्मरतात, बायका कडेवर मुले घेऊन सरकारी कामावर खडी फोडीत होत्या. त्या सालच्या उन्हाळ्यात पुष्कळ माहेरांपाशी लेकीला बोलावण्याजोगे काही उरलेले नव्हते.

उन्हाळ्यातील यात्राही मुलांच्या दिनदर्शिकेत ठळक असत. धुळ्यास देवपुरात पांझरेच्या काठी एकवीरा देवीची यात्रा चैत्री पौर्णिमेस भरते. तेथे पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या बालकांची जावळे काढण्यास दूरदूरच्या गावांहून कुळे येतात. त्याच सुमारास सप्तशृंगीच्या चैत्रोत्सवासाठी खानदेशातील हजारो लोक भर उन्हात पायी वणीच्या गडाकडे निघतात. अमळनेरला सखाराम महाराजांच्या उत्सवात वैशाख शुद्ध एकादशीला रथ आणि पौर्णिमेला पालखी निघते, आणि बोरीच्या कोरड्या पात्रात बाजार भरतो. नदी आटल्याचा शोक करण्याऐवजी तिच्याच वाळवंटात दुकाने मांडण्याची ही रीत शहाणपणाची खरी. तेथून मुलांना पिपाण्या, भिंगऱ्या, लाकडी बैल आणि आयांना वर्षाची भांडीकुंडी मिळत.

रेल्वे आणि शाळा या दोन संस्थांनी या जुन्या व्यवस्थेला नवे वळण दिले. १८६० नंतरच्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे चाळीसगाव, पाचोरा, जळगाव या मार्गाने भुसावळास पोहोचली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ताप्ती व्हॅली रेल्वेने सुरत आणि अमळनेर जोडले; त्यामुळे दोन दिवसांच्या गाडीवाटेचे माहेर एका सकाळीवर आले आणि लांबच्या गावी मुलगी देण्याचे धैर्य बापांना झाले. शाळांनी फाल्गुनापासून सकाळची शाळा आणि वैशाखात लांब सुटी हा क्रम धरला. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिक्षक होते आणि छात्रालयही सांभाळीत. तेथील मुले सुटी लागताच आपापल्या खेड्यांकडे परतत आणि आखाजीच्या घरात मिसळून जात. १ जून १९४८ रोजी मुंबई राज्यात सरकारी मोटारसेवा सुरू झाली आणि काही वर्षांतच खानदेशातील मुऱ्हाळ्याने बैलजोडी सोडून यष्टीचे तिकीट काढले. वाहन बदलले, कोणाला आणायचे आणि कधी आणायचे, हे बदलले नाही.

खरा बदल छपराने घडविला. विजेचे दिवे आणि पंखे खेड्यांत पोहोचले, धाब्यांच्या जागी पत्रे आणि पुढे सिमेंटचे स्लॅब आले. मातीचे धाबे संध्याकाळी पाणी शिंपडताच निवे. स्लॅब मध्यरात्रीपर्यंत धग सोडत नाही, म्हणून त्याच्याखाली कूलर लागतो, कूलरला बंद खोली लागते, आणि बंद खोलीत एकच कुटुंब निजते. आजीची गोष्ट ऐकणाऱ्यांची संख्या पंचवीसवरून दोनवर आली ती आजी बदलली म्हणून नव्हे. मात्र पहिल्या पावसापूर्वी वाकून खारी माती पसरणाऱ्या आणि तरीही आषाढात गळणाऱ्या छपराखाली भांडी मांडणाऱ्या बाईला स्लॅबचा पश्चात्ताप होईल, अशी अपेक्षा कोणी धरू नये. वाळवणाचेही तसेच. बिबड्या आणि पापड आता बचत गटांकडून विकत मिळतात. सावडीतील फुकटच्या श्रमाला त्यामुळे प्रथमच दाम मिळू लागला आणि काठी घेऊन बसणाऱ्या मुलांचा हुद्दा रद्द झाला.

आखाजी मात्र टिकली, आणि कशी टिकली हे तपासण्यासारखे आहे. वैशाख तृतीयेस एकाच वेळी दोन करार नवे होत असत: एक सालदाराचा आणि दुसरा लेकीचा. पहिल्यात एक कायम राबणार आणि दुसरा कायम हिशेब करणार, अशी वाटणी होती. तो करार आज मोडीत निघाला आहे, आणि वाढत्या मोबदल्यातही सालदार मिळत नाही अशी तक्रार खानदेशातील बागायतदार करतात. दुसऱ्यात राबणे आणि विसावणे एकाच बाईच्या वाट्याला आळीपाळीने येई. तो करार पंधरवड्यावरून दोन दिवसांवर आला तरी मोडला नाही. ज्यांच्या वडिलांना आखाजीपलीकडे उसंत नव्हती अशी पुष्कळ माणसे आज सुरतेच्या कापडाच्या कारखान्यांत आणि नाशिक-पुण्याच्या उद्योगांत आहेत, आणि याच दिवसांत मुलांना घेऊन ती गावी परततात. त्यांच्या बायका जळगाव-धुळ्याच्या स्थानकांवर उतरून नवऱ्याच्या गावी न जाता आधी आपल्या गावची गाडी धरतात, आणि त्याबद्दल त्यांना कोणी विचारीत नाही.